देशांची आणेवारी कोण काढणार?

प्रति,
मा. अर्थमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि वॉशिंग्टनला आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) अन् जागतिक बँकेच्या बोर्डावर आपल्या देशाकडून बसणारे साहेब लोक

विषय: कर्जात बुडालेल्या देशांची आणेवारी ठरवणेबाबत

मॅडम आणि साहेब, सप्रेम नमस्कार.

विषय वाचून हसू आलं असेल तर येऊ द्या. मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव होतो, आता रिटायर आहे. सगळी नोकरी कर्जवाटप, वसुली, थकबाकीदारांना १०१ कलमाच्या नोटिसा आणि माफीच्या याद्या यातच गेली. त्यामुळं मोबाइलवर झांबिया, केनिया, श्रीलंका यांच्या कर्जाच्या बातम्या वाचतो तेव्हा त्या परदेशातल्या वाटतच नाहीत, आपल्याच सोसायटीचं प्रोसिडिंग वाचतोय असं वाटतं. फक्त रकमेला शून्यं जास्त. आणि एक गोष्ट तिथं नाहीच जी आमच्या तालुक्यात, कशीबशी का होईना, आहे. त्यासाठीच हे पत्र.

आमच्याकडं खरीप गेलं की महसूल खातं गावोगाव आणेवारी काढतं, म्हणजे पीक रुपयाला किती पैसे आलं त्याचा अंदाज. कागदावर तिला पैसेवारी म्हणतात, गावात आणेवारीच. आधी नजर, मग सुधारित, मग डिसेंबरात अंतिम. ती ५० पैशाच्या खाली आली की काही गोष्टी आपोआप लागू होतात: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ. आता यात भानगडी किती आहेत ते मला सांगू नका, मी आयुष्यभर बघितल्यात. ४९ का ५१ यावर तहसीलला कशी ओढाताण चालते, शेजारच्या गावाला मिळालं आणि आपल्याला नाही म्हणून लोक कसे रस्त्यावर येतात. आणि २०१६ च्या मॅन्युअलनंतर दुष्काळ जाहीर करायला ट्रिगर एक, ट्रिगर दोन, उपग्रह असं काय काय आलंय, ते तर गावात कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. पण एवढं सगळं असून पीक गेलं का नाही हे ठरवणारा वेगळा आणि कर्ज देणारा वेगळा. आणेवारीचा आकडा लिहायचा अधिकार वसुली करणाऱ्या बँकेला दिला असता तर आमच्या जिल्ह्यात एकाही वर्षी ५० च्या खाली आकडा आला नसता, हे मी वसुलीच्या टेबलावर बसलेला माणूस म्हणून सांगतो.

देशांच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. एखाद्या देशाला कर्ज झेपतं का नाही याचा हिशोब आयएमएफ आणि जागतिक बँक मांडतात, त्याला डेट सस्टेनेबिलिटी अ‍ॅनालिसिस म्हणतात. त्याच हिशोबावरून सूट किती द्यायची ते ठरतं. आणि या दोन्ही संस्थांचं स्वतःचं येणं त्याच देशाकडं असतं, वर त्यांचं येणं सगळ्यात आधी द्यायचं असा रिवाज आहे. म्हणजे तलाठीही तेच, बँकही तेच आणि वसुलीच्या रांगेत पहिला नंबरही त्यांचाच. ते लोक वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही, खुर्ची चुकीची आहे असं म्हणणं आहे.

झांबियाचं बघा. १३ नोव्हेंबर २०२० ला त्यांची मुदत संपली, ४ कोटी २५ लाख डॉलरचं व्याज होतं, ते भरता आलं नाही आणि देश थकबाकीदार झाला, कोरोनातला थकबाकीत गेलेला आफ्रिकेतला पहिला देश. योगायोग असा की त्याच दिवशी जी-२० च्या अर्थमंत्र्यांनी कॉमन फ्रेमवर्क नावाची योजना मंजूर केली, गरीब देशांची कर्जं सगळ्या सावकारांनी एकत्र बसून सोडवायची. छान योजना. झांबियानं २०२१ च्या सुरुवातीला अर्ज टाकला. कर्ज देणाऱ्या सरकारांशी तडजोड झाली जून २०२३ ला, बाँडवाल्यांशी, म्हणजे देशाचे कर्जरोखे घेतलेल्या खाजगी गुंतवणूकदारांशी, जून २०२४ ला. साडेतीन वर्षं! मधी एकदा बाँडवाल्यांशी जमत आलं होतं तर कर्ज देणाऱ्या सरकारांच्या समितीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ते फेटाळलं, की आम्ही जेवढं सोडलं तेवढं हे सोडत नाहीयेत. भांडण देणाऱ्यांचं आपसात आणि ताटकळत कोण, तर घेणारा.

आणि या मधल्या काळात तिथं दुष्काळ पडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष हिचिलेमा यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, २२ लाख हेक्टर मका पेरलेली, त्यातली साधारण १० लाख हेक्टर वाळून गेली. मका म्हणजे तिथली भाकरी. वीजही त्यांची बहुतेक धरणावर, धरणं तळाला गेली तशी वीजही गेली. आम्ही २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं बघितलंय, त्यामुळं धरण तळाला जाणं म्हणजे काय हे आम्हाला फोटो बघून कळतं. तर अशा वेळी बाँडवाल्यांशी जो करार झाला त्यात एक कलम आहे ते वाचून मी दोनदा चष्मा पुसला. देशाची परिस्थिती अंदाजापेक्षा सुधारली तर एका बाँडवर जास्त आणि लवकर पैसे द्यायचे. आणि बिघडली तर? काही नाही, ठरलंय तेवढं द्यायचंच. ही उलटी आणेवारी झाली की हो! पीक चांगलं आलं तर सावकाराचा वाटा वाढणार, आणि बुडालं तर कुळानं बघून घ्यावं.

असं असायलाच पाहिजे असंही नाही. ग्रेनेडा म्हणून कॅरिबियन समुद्रात एक चिमुकलं बेट आहे, आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढं. त्यांनी आधीच्या तडजोडीत बाँडमध्ये वादळाचं कलम घालून घेतलं होतं. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं, कलम लागू झालं आणि बाँडचे हप्ते पुढं ढकलले गेले, कुणाच्या हातापाया पडायची गरज पडली नाही. आधी लिहून ठेवलं होतं म्हणून. आणि त्याच्याही आधीचं उदाहरण सांगायचं तर थेट जर्मनीचं. १९५३ ला लंडनमध्ये करार झाला, पश्चिम जर्मनीचं जवळपास निम्मं कर्ज सोडून दिलं आणि उरलेलं कसं फेडायचं तर निर्यातीतून शिल्लक राहील त्यातून. दुसऱ्या महायुद्धाला पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. आणि त्या करारावर सह्या करणाऱ्यांत सिलोन, म्हणजे आत्ताचं श्रीलंका, आणि पाकिस्तान हे पण होते. आज हे दोघं आयएमएफच्या दारात उभे आहेत आणि त्यांना शिस्तीचे धडे मिळतात.

आता ट्रॅक्टरची केस. ही वाचल्यापासूनच मला या विषयाचा नाद लागला, कारण आमच्याकडं ट्रॅक्टरच्या कर्जानं किती घरं खाल्ली ते मला माहितीय. १९७९ मध्ये रोमानियानं झांबियाला ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं घ्यायला कर्ज दिलं. ते थकलं. व्याज धरून १९९९ पर्यंत तीन कोटी डॉलरच्या आसपास गेलं. दोन्ही सरकारांची कमी पैशात मिटवायची बोलणी चालली होती, तेवढ्यात डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीनं रोमानियाकडून ते कर्जच विकत घेतलं, साधारण ३३ लाख डॉलरला. मग लंडनच्या कोर्टात झांबियावर दावा लावला साडेपाच कोटी डॉलरचा. २००७ ला कोर्टानं दीड कोटी डॉलरच्या वर द्यायला लावले. न्यायाधीशांना पण ते आवडलेलं नव्हतं, पण कायदा तसा होता. अशांना तिकडं गिधाड फंड म्हणतात, गिधाडांचा अपमान आहे खरंतर, गिधाड मेलेलं खातं.

आपल्याकडं दामदुपटीचा नियम किती जुना आहे, एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात पण ते आहे. खेड्यातल्या सावकाराला जे चालत नाही ते लंडनच्या कोर्टात चालतं. इंग्लंडनं त्यानंतर २०१० ला कायदा केला म्हणा, पण तो जुन्या यादीतल्या देशांच्या जुन्या कर्जापुरता. नवे बाँड त्यात येत नाहीत, आणि नव्या बाँडचे करार बहुतेक न्यूयॉर्क नाहीतर इंग्लंडच्या कायद्याखाली केलेले असतात.

केनियाचं तर नवं-जुनं चाललंय. तुम्हाला नवं-जुनं माहीत नसेल कदाचित, दिल्लीत कोण सांगणार. मार्चएंडला शेतकरी चार दिवसासाठी कुणाकडून तरी शेकड्यानं पैसे उचलतो, सोसायटीचं कर्ज भरल्याचं दाखवतो, खातं नील होतं, मग नवं कर्ज मंजूर होतं आणि त्यातून उचललेले पैसे परत. कागदावर सगळे नियमित. घरात एक रुपया आला नाही, उलट मधल्याचं कमिशन गेलं. केनियाचा २०१४ चा बाँड होता २ अब्ज डॉलरचा, व्याज पावणेसात टक्क्याच्या थोडं वर, तो जून २०२४ ला फेडायचा होता. तो फेडायला त्यांनी फेब्रुवारीत दीड अब्जाचा नवा बाँड काढला, दहा टक्क्याच्या वर दरानं. बाजार खूश, केनिया वाचलं म्हणून बातम्या. आणि मग वाढलेला बोजा भागवायला सरकारनं करवाढीचं बिल आणलं, आधी तर ब्रेडवर पण कर होता. जूनमध्ये पोरं रस्त्यावर उतरली, संसदेत घुसली, गोळीबार झाला, माणसं मेली, मग बिल मागं घेतलं. ज्यांनी बाँड घेतला त्यांचे पैसे मात्र वेळेवर पोचले.

यूएनच्या व्यापार संस्थेचा २०२५ चा हिशोब आहे की जगात ३४० कोटी लोक अशा देशात राहतात जिथं सरकार आरोग्यावर नाहीतर शिक्षणावर करतं त्यापेक्षा जास्त खर्च व्याजावर करतं. फक्त व्याज, मुद्दल अजून बाजूलाच. गरिबी कुठून येते यावर मोठमोठे सेमिनार होतात तेव्हा हा आकडा भिंतीवर लावून ठेवायला पाहिजे.

सूट दिली तर फरक पडतो का? पडतो. १९९६ ला आयएमएफ आणि जागतिक बँकेनं अती कर्जबाजारी गरीब देशांची योजना काढली, २००५ ला ती अजून वाढवली, सगळी मिळून १०० अब्ज डॉलरच्या वर सूट गेली. ती काही साहेबांना दया आली म्हणून नाही मिळाली, १९९८ ला बर्मिंगहॅमला जी-८ च्या बैठकीभोवती सत्तर हजारांच्या आसपास लोकांनी हात धरून साखळी केली होती. झांबियाचं परदेशी कर्ज सात अब्जाच्या आसपास होतं ते एक अब्जाच्या खाली आलं आणि २००६ मध्ये त्यांनी खेड्यातल्या सरकारी दवाखान्यांची फी बंद केली, लोक दवाखान्यात यायला लागले. टांझानियानं कर्जातून सूट मिळत होती त्या काळातच प्राथमिक शाळेची फी काढली. ही फी तरी कुठून आली होती? ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं व्याजदर वीस टक्क्याच्या आसपास नेले, डॉलरमधली कर्जं रातोरात फुगली, आणि मग मदत देताना अटी की खर्च कमी करा, दवाखान्याला फी लावा.

पण त्या योजनेला पण निकष होते, आणि निकष म्हणलं की माझ्या पोटात गोळा येतो. २००८ ची केंद्राची माफी आठवते का? दोन हेक्टरपर्यंतवाल्याला पूर्ण माफी, त्याच्या वरच्यानं आधी ७५ टक्के भरायचे मग २५ टक्के सूट. दिल्लीत बसून हे बरोबर दिसतं. पण मराठवाड्यात कोरडवाहू बारा एकरवाला, ज्याच्या विहिरीला फेब्रुवारीत पाणी नसतं, तो मोठा शेतकरी ठरून बाद आणि दुसरीकडं पाच एकर ऊसवाला यादीत. मी ती यादी फळ्यावर लावली आणि लोकांनी मला विचारलं, मी काय सांगणार. २०१७ ला राज्याच्या माफीत नवराबायकोला घेऊन ऑनलाइन फॉर्म, रात्रभर रांगा, सर्व्हर डाऊन. २०१९ ला जरा सुधारलं, फॉर्म नाही, आधारवर अंगठा, दोन लाखापर्यंत, पण नियमित भरणाऱ्याला पन्नास हजाराचं जे कबूल केलं होतं ते पडायला २०२२ उजाडलं. देशांच्या यादीचं असंच, कर्ज निर्यातीच्या दीडपट पाहिजे, अमुक तारखेच्या आकड्यावर पाहिजे, मग तीन वर्षं कार्यक्रम पाळून दाखवा. सोमालियाचा नंबर लागायला डिसेंबर २०२३ उजाडला, योजना सुरू झाली तेव्हा जन्मलेलं पोर २७ वर्षांचं झालं. आणि यादी बंद झाल्यावर जे बुडाले त्यांना काहीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, आणि दिल्लीत प्रत्येक जण हेच म्हणतो, की माफीनं सवय लागते. बघा ना, झांबिया, घाना, इथिओपिया, तिघांनाही २००४-०५ ला सूट मिळाली आणि २०२० ते २३ मध्ये तिघंही परत बुडाले. खरंय. झांबियानं २०१२, १४ आणि १५ ला मिळून तीन अब्ज डॉलरचे बाँड काढले, तांब्याचा भाव चढा होता तेव्हा सगळे उदार होते, भाव पडला तसं तिसरा बाँड नऊ टक्क्याच्या वर गेला. मोझांबिकमध्ये तर संसदेला न विचारता दोन अब्ज डॉलरचं कर्ज काढलं ट्यूना माशांच्या बोटी आणि किनाऱ्याच्या संरक्षणाच्या नावानं, त्यातलं निम्म्याहून जास्त लपवलेलं होतं ते २०१६ ला उघडकीस आलं. चोऱ्या झाल्यात. देणाऱ्या बँकांनी पण डोळे झाकून दिलं, त्यात क्रेडिट स्विसला पुढं दंड झाला. आमच्याकडं सुद्धा निवडणुकीच्या आधी माफीची हवा सुटली की वसुली बसते, ज्याच्याकडं पैसे आहेत तो पण भरत नाही, मी हे नाकारत नाही.

पण मी एक विचारतो. आणेवारी लागली की सवलत मिळते हे पन्नास वर्षं सगळ्या गावाला माहितीय. सवलत मिळावी म्हणून कुणी स्वतःचं सोयाबीन पेटवलेलं तुम्ही ऐकलंय का? २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, सीना, तेरणा सगळ्या नद्या शेतातून गेल्या, मातीसुद्धा राहिली नाही, त्यात कुणाची सवय होती? सवय लागते ती मनमानी माफीनं, जी कधी येईल, कुणाला येईल, किती येईल हे मंत्र्याच्या मूडवर असतं. नियमानं मिळणारी सूट माणसाला बिघडवत नाही कारण त्यात त्याला स्वतःला काही करताच येत नाही, ना रडून ना मोर्चा काढून. पाऊस किती पडला, वादळ आलं का, निर्यातीचा भाव किती पडला, हे आकडे आहेत, ते कुणीतरी तिसऱ्यानं मोजावेत आणि ठरलेल्या रेषेखाली गेले की हप्ता त्या दिवसापासून थांबावा, सरकारी असो नाहीतर बाँडचा.

बस, एवढंच मागणं आहे. माफी पाहिजे का पुनर्गठन ते नंतर बसून ठरवा, पण अर्ज केल्या दिवशी वसुलीला स्थगिती पाहिजे, खाजगी बाँडवाल्यांसकट. २०२० ला हप्ते थांबवायची जी योजना केली होती त्यात ४८ देशांचे १२.९ अब्ज डॉलर पुढं ढकलले, पण बाँडवाले आलेच नाहीत कारण त्यांना या अशी नुसती विनंती केली होती. विनंतीवर कोण येतंय.

हे तुम्हालाच का लिहितोय, अमेरिकेला का नाही? अमेरिकेकडं आयएमएफमध्ये साडेसोळा टक्के मतं आहेत आणि मोठ्या निर्णयाला ८५ टक्के लागतात, म्हणजे तिनं नाही म्हणलं की नाही. आपल्याकडं २.६ टक्के. पण आपल्या खुर्चीवर बसणारा माणूस एकट्या भारतासाठी बसत नाही, बांगलादेश, श्रीलंका आणि भूतानचं मत पण त्याच्याच हातात असतं. २०२३ ला आपण जी-२० चे अध्यक्ष होतो, कर्जाच्या प्रश्नावर जे गोलमेज सुरू झालं त्याचं सहअध्यक्षपद आपल्याकडं होतं, श्रीलंकेला कर्ज देणाऱ्या सरकारांच्या समितीचं पण जपान आणि फ्रान्सबरोबर आपल्याकडंच. आणि आपण मागणाऱ्याच्या बाजूला पण उभे राहिलोय, १९९१ ला ४७ टन सोनं विमानानं बाहेर पाठवून गहाण ठेवलं होतं, माझ्या पिढीला ते आठवतंय. आणि देणाऱ्याच्या बाजूनं मन मोठं पण केलंय, २००३ च्या बजेटमध्ये जसवंतसिंगांनी सात गरीब देशांची कर्जं सोडायची घोषणा केली होती. दोन्हीकडून बघितलेला दुसरा एवढा मोठा देश बोर्डावर कोण आहे?

त्यामुळं दुसऱ्यांना सांगायच्या आधी स्वतःच्या वहीपासून सुरुवात करा. आपल्या सरकारच्या एक्झिम (निर्यात-आयात) बँकेनं इथिओपियाला साखर उद्योगासाठी ६४ कोटी डॉलरचं कर्ज दिलेलं, त्यातला तेंदाहोचा कारखाना वर्षानुवर्षं रखडला. मराठवाड्यातल्या माणसाला बंद पडलेला साखर कारखाना आणि त्याच्या डोक्यावरचं कर्ज याच्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही. तोच इथिओपिया डिसेंबर २०२३ ला बाँडचं व्याज चुकला. तर आपण परदेशाला जी कर्जं देतो त्यांच्या करारात दुष्काळाचं, पुराचं, भाव पडल्याचं कलम घालायला आपल्याला वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही. पुढच्या बैठकीला जाताना ते कलम टाइप करून, आपल्या सहीचं, बरोबर घेऊन जा. आणि त्या साखरेच्या कर्जाचं आपण काय करणार आहोत, वसुली, स्थगिती का सूट, तेवढं संसदेत एकदा सांगा. लेखी उत्तर पटलावर ठेवलं तरी चालेल, ते मला मोबाइलवर सापडतं.

आपला,
एक रिटायर गटसचिव
ता. कळंब, जि. धाराशिव